ट्रिअरच्या ट्रेनिंगला निघालेल्या मनूला

प्रिय मनू,

फोनवर तू घाईत होतीस म्हणून लिहितेय. बाबा म्हणतात एवढं लांब व्हॉट्सॲपवर टाकू नकोस, ती वाचणार नाही, तरी टाकतेच. जर्मनीत ट्रिअरला स्टेट एड लॉच्या, म्हणजे सरकारनं कंपन्यांना दिलेल्या मदतीवरच्या युरोपियन युनियनच्या कायद्याच्या, ट्रेनिंगला नाव घातलंस हे ऐकून आधी हसूच आलं. मी नोकरीभर उद्योग खात्यात सबसिडीच्या फायली पुढे सरकवल्या आणि आता माझीच मुलगी पैसे भरून शिकणार की सरकारनं दिलेली सबसिडी परत कशी घ्यायची.

तू पाठवलेलं युरोपियन युनियनच्या करारातलं ते कलम 107 चष्मा लावून सावकाश वाचलं. अगं आमचं सगळं उलटं होतं गं. महाराष्ट्रातल्या आमच्या पॅकेज स्कीममध्ये, म्हणजे कारखान्यांना सवलती द्यायच्या योजनेत, अर्ज आला की बघायचं काय, तर तालुका कुठल्या गटात, ए की बी की सी की डी की डी प्लस, स्थिर भांडवली गुंतवणूक किती, किती लोकांना काम देणार, सीएचं सर्टिफिकेट जोडलंय का. बसलं नियमात की पात्र. पण तोच माल बनवणारा दुसरा कारखाना पन्नास किलोमीटरवर आहे आणि त्याला काहीच मिळत नाहीये, त्याचं काय होणार, हा रकानाच फॉर्मात नव्हता. कुणी विचारायचंही नाही. तुमचं कलम तर तिथूनच सुरू होतं: सरकारी पैशानं एकाला झुकतं माप देऊन स्पर्धा बिघडवायची नाही, आणि द्यायचंच असेल तर 108 प्रमाणे आधी युरोपियन कमिशनला कळवा, होकार येईपर्यंत एक पैसा सोडू नका. म्हणजे मुळात नाही, आणि हो म्हणायला कारण लागतं. मला वाटतं तिथल्या दोन दिवसांत बाकी काहीही विसरलीस तरी चालेल पण फाइल उघडली की त्यात ज्याचं नाव नाही तो कोण, हे शोधायची सवय लावून घे.

तसं मागास भागाला जास्त द्यायचं हे तुमच्याकडेही आहेच की. 107(3) मधले ते 'ए' आणि 'सी' भाग, युरोपच्या सरासरीच्या 75 टक्क्यांच्या आत दरडोई उत्पन्न असलं की 'ए' मध्ये, आणि 2022 ते 2027 साठी प्रत्येक देशाचा नकाशा. तो नकाशा बघून मला आमची तालुक्यांची यादीच आठवली. फक्त आमच्याकडे ए म्हणजे पुण्यामुंबईसारखा पुढारलेला भाग आणि तुमच्याकडे ए म्हणजे सगळ्यात मागे पडलेला, परीक्षेत गोंधळू नकोस म्हणजे झालं.

आता एक खास सांगायचंय. तुला लॉ कॉलेजात मोतीलाल पदमपत शिकवलं असणारच, डिसेंबर 1978 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. कानपूरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्याला यूपी सरकारनं तीन वर्षं सेल्स टॅक्स माफ सांगितला, त्यांनी त्या भरवशावर कर्ज काढून कारखाना उभा केला, मग सरकारनं शब्द फिरवला, आणि कोर्ट म्हणालं की शब्द दिलाय तर पाळा. आमच्या ऑफिसात कुणी मंजूर इन्सेंटिव्ह कापायची भाषा केली की वकील लगेच हाच निकाल काढायचे. आता तू जाणार आहेस त्याच राज्यातली केस बघ, ऱ्हाइनलँड-पॅलॅटिनेट. लुडविग्सहाफेनला अल्कानचा ॲल्युमिनियमचा कारखाना, वीज महागली म्हणून बंद करायला निघाले होते, 1983 मध्ये राज्य सरकारनं 80 लाख मार्क दिले, कमिशनला न विचारता. कमिशननं 1985 मध्ये ते बेकायदा ठरवलं. कंपनी म्हणाली पैसे खर्च झाले, चूक सरकारची, आणि जर्मन कायद्याप्रमाणे मंजुरी मागे घ्यायची मुदतही संपली. मार्च 1997 मध्ये युरोपच्या कोर्टानं सांगितलं, तरी परत करा, कारण सावध धंदेवाल्यानं आधी बघायला हवं की मदत रीतसर कळवून दिलीय का. म्हणजे सरकारचा शब्द हा भरवसा नाहीच! मला हे वाचून जरा कडकच वाटलं खरं सांगायचं तर, त्या कारखान्यातले लोक डोळ्यांसमोर आले, पण शेजारच्या देशातला ॲल्युमिनियमवाला डोळ्यांसमोर आणला की पटतंही. तुझी वकिली या दोन निकालांच्या मधे कुठेतरी होणार आहे, कारण भारतातून येणारा क्लायंट मोतीलाल डोक्यात घेऊन येणार.

ॲपल आणि आयर्लंडचं तुला माहितीच आहे, आयर्लंडनं ॲपलला दिलेल्या करसवलतीचे 13 अब्ज युरो वसूल करा असा कमिशनचा 2016 चा निर्णय, 2020 ला कोर्टात उलटला, 10 सप्टेंबर 2024 ला वरच्या कोर्टात परत कायम. मला त्यात गंमत ही वाटते की ज्याच्या तिजोरीत पैसे पडणार तो देशच नको नको म्हणत कोर्टात लढला. छोट्या रकमांचं मात्र छान केलंय, तीन वर्षांत 3 लाख युरोपर्यंत (2024 च्या आधी 2 लाख होते) कळवायची गरज नाही, पण एकाच मालकाच्या ताब्यातल्या सगळ्या कंपन्या मिळून एकच धरतात. हे वाचून मला भावाच्या, बायकोच्या आणि मेव्हण्याच्या नावावरची आमच्याकडची युनिटं आठवली. असो.

आता माझ्या कामाचं, म्हणजे तुझ्याही. जुलै 2023 पासून लागू झालेला तो युरोपियन युनियनचा परदेशी सबसिडीचा रेग्युलेशन आहे ना, म्हणजे बाहेरच्या सरकारांनी दिलेल्या सबसिडीवरचा नियम, त्याचं सेशन अजिबात चुकवू नकोस. पुण्याची एखादी कंपनी युरोपात 25 कोटी युरो किंवा त्याच्या वरच्या सरकारी टेंडरला उतरली तर आपल्या सरकारकडून मिळालेलं सगळं तिला तिथे सांगावं लागतं, एका देशाकडून तीन वर्षांत 40 लाख युरो किंवा जास्त असेल तर रीतसर नोटिफिकेशन. त्यात हक्क ज्या दिवशी मिळाला तो दिवस धरतात, पैसे हातात आले तो नाही. आणि आमच्याकडे पात्रता प्रमाणपत्र एका वर्षी, मंजुरी दुसऱ्या वर्षी, आणि रक्कम त्याच्याही नंतर. मग हक्काचा दिवस कुठला? प्रमाणपत्राचा, दरवर्षीच्या मंजुरी आदेशाचा, की जीएसटी भरला तो? शिकवणाऱ्यांना हे नक्की विचार, उत्तर काय आलं ते मला कळव, आणि प्रमाणपत्राचा नमुना हवा असेल तर सांग, जुने जीआर आणि कोरे फॉर्म माझ्याकडे अजून आहेत, स्कॅन करून पाठवते.

जेवत जा वेळेवर.

आई