केशरच्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, तुमचं नाव इथे टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण वाचलंत तर ओळखालच. मे महिन्यात साताऱ्याहून बुटांच्या खोक्यात पिवळी कॉकटील (तुरेवाला छोटा पोपट) घेऊन पुण्याला आलेली बाई, ती मी. केशर बरी आहे. आत्ता हे टाईप करतेय तर खांद्यावर बसून माझ्या चष्म्याची दांडी कुरतडतेय.

तीन आठवडे झाले तरी त्या दिवसाचं आठवलं की पोटात गोळा येतो. आदल्या दिवशी दुपारपासून ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलेली, दर श्वासाला शेपूट खालीवर. तुमच्याकडे यायच्या आधी दोन ठिकाणी जाऊन आले होते. एकांनी लांबूनच बघितलं, सर्दी म्हणाले, पाण्यात टाकायला थेंब दिले आणि आमची अख्खी रात्र त्यात गेली. सकाळी दुसऱ्यांकडे नेलं तर त्यांनी डोक्यावर पंखा गरगर फिरत असताना पिंजऱ्याचं दार उघडून हात आत घातला, मी ओरडले म्हणून थांबले, आणि मग म्हणतात कसे, अहो ताई हजार-दीड हजारात नवीन मिळेल, कशाला धावपळ करताय. माझी अकरा वर्षांची लेक शेजारी उभी होती, तिच्यासमोर! सगळ्यांना पक्ष्यांचं येत नसतं हे मला मान्य आहे, आमच्याकडे बहुतेक डॉक्टर गाई-म्हशी, कुत्री बघणारे. पण मग येत नाही असं सांगावं ना सरळ.

आणि तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही खोक्याला हात लावायच्या आधी उठून पंख्याचं बटण बंद केलंत. दार लावलंत, खिडकी लावलीत, आणि मग वर बघत उभ्या राहिलात, पाती पूर्ण थांबेपर्यंत. किती वेळ असेल तो, अर्धा मिनिट? मला तेवढ्यातच रडू फुटलं मॅडम, कारण तुम्हाला अजून काही सांगितलंही नव्हतं आणि मला कळलं की आता ही सुरक्षित हातात आहे. बाहेर कडक ऊन, बंद खोली, आणि पुढे पाऊण तास तुम्ही तो पंखा लावला नाहीत. कपाळावरून घाम ओघळून भुवईत येत होता आणि दोन्ही हातांत केशर असल्यामुळे तुम्हाला तो पुसताही येत नव्हता, शेवटी माझ्या लेकीने तिच्या रुमालाने पुसला. तुम्ही तिला थँक्यू बाळा म्हणालात. ती अजून सगळ्यांना सांगते, मी डॉक्टरांना मदत केली.

अंडं अडकलं होतं. नर नसतानाही मादी अंडं घालते हेच आम्हाला माहीत नव्हतं, आम्ही तर हिला नर समजत होतो! बाकी इंजेक्शन, शेक, वाफ ते सगळं तुमचं तुम्हाला माहीत. संध्याकाळी साडेपाचला तुम्ही बाहेर येऊन फक्त "आलं" म्हणालात आणि बाकावर मांजर घेऊन बसलेल्या अनोळखी काकूंनी माझा हात धरला.

तुम्ही रागावला नाहीत हे पण लिहायचंय. दुकानदाराने सांगितलं म्हणून दोन वर्षं नुसत्या सूर्यफुलाच्या बिया घालत होते मी, कॅल्शियम कुठून मिळणार होतं तिला. पिंजरा बाल्कनीच्या काचेमागे, वाटायचं ऊन मिळतंय, पण पक्ष्याला लागणारं ऊन काचेतून येतच नाही हे तुम्ही सांगितलंत. आजारी पक्षी शेवटपर्यंत आजार लपवतो, म्हणून तुम्ही वेळेत आणलंत हेच खूप आहे, असंही म्हणालात. दुसऱ्या कोणी माझ्या चुका मोजून दाखवल्या असत्या.

आम्ही थांबलो होतो तेव्हा एक रिक्षावाले दादा पंखात दोरा गुंतलेला रानातला पोपट टॉवेलमध्ये घेऊन आले. त्यांनी भाडं सोडलं होतं त्याच्यासाठी. तुम्ही दोरा काढलात, त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत, आणि ते मुलासाठी घरी ठेवू का म्हणाले तर शांतपणे समजावलंत की आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि वनखात्याच्या १९२६ नंबरवर त्यांच्यासमोरच फोन लावलात. दादा मान हलवून म्हणाले, बरोबर आहे, त्याचं त्याला झाड मिळू दे. अशी माणसं आहेत हो अजून. त्या एका दिवसात मला किती भेटली, तुम्ही, ते दादा, त्या मांजरवाल्या काकू.

आता शेवग्याचा पाला, कोथिंबीर, किसलेलं गाजर, पिंजऱ्यात कॅल्शियमसाठी समुद्रफेस. पाल्याला आधी चार दिवस तोंड लावलं नाही, आता मी देठ धरते आणि ती एकेक पान ओढून घेते. सकाळी कोवळ्या उन्हात पिंजरा बाहेर, तुम्ही म्हणालात तसा अर्धा सावलीत. संध्याकाळी सातला वर चादर, म्हणजे दिवस लांब वाटून परत अंड्यावर येणार नाही. किचनच्या वजनकाट्यावर रोज वजन, आज ९२ ग्रॅम. आणि नॉनस्टिकचा तवा जास्त तापला की त्याचा धूर पक्ष्याला घातक, म्हणून तो काढून टाकला, बिडाचा आणला, सासूबाई खूश आहेत.

पुढच्या शनिवारी दाखवायला येतोय. कंदी पेढे आणणार आहे मॅडम, फी वेगळी आणि पेढे वेगळे, नाही म्हणू नका.

केशरची आई