डिसेंबर जवळ आला

अमळनेर,
१५ नोव्हेंबर २०२६

प्रिय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

मायचे गुडघे आता कसे आहेत ते आधी कळव. इकडे सगळं ठीक. कपाशीची दुसरी वेचणी चालू आहे, मजूर वेळेवर मिळत नाहीत ही बोंब दरवर्षीचीच. हरभरा पेरून झाला. सकाळी शेतात जाताना आता मफलर लागतो, म्हणजे थंडी आली असं समज. बाकी घरचं फोनवर बोलूच. आज लिहितोय ते मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर मावायचं नाही, म्हणून चार पानं खर्च करतोय. निवांत बसून वाच.

यंदाचा डिसेंबर आपल्या खान्देशासाठी फार मोठा आहे रे. ३ तारखेला बहिणाबाईंना जाऊन ७५ वर्षं होतात. २७ तारखेला फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला ९० वर्षं. आणि ३१ तारखेला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या निधनाला १०० वर्षं. मधे २४ ला साने गुरुजींची जयंती आहेच. स्मिता पाटीललाही १३ डिसेंबरला ४० वर्षं होतील. शिरपूरच्या घराण्यातली पोर, आणि ३१ व्या वर्षी गेली. तिच्याबद्दल इथे लिहीत बसत नाही, तो वेगळाच विषय आहे आणि मला अजूनही जड जातो.

हे सगळे दिवस पाळले जातील, त्यात शंका नाही. पण कसे, तेही तुला ठाऊक आहे. राजवाडे धुळ्याचे, म्हणून धुळ्यात कार्यक्रम. बहिणाबाई जळगावच्या, म्हणून जळगावात. गुरुजी आमच्या अमळनेरचे. फैजपूरचं फैजपूरवाले बघतील. फोटोला हार, नारळ, दोन भाषणं, चहा-बिस्किटं, आणि संपलं. जो तो आपापल्या तालुक्यापुरता. मला ह्याचा खरंच त्रास होतो. ही माणसं एकाच काळात, एकाच मुलखात, एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर राहत होती. त्यांना वेगवेगळ्या कप्प्यांत घालून आपण आपलंच नुकसान करतो.

तू एकच दिवस डोळ्यांसमोर आण, ३१ डिसेंबर १९२६. धुळ्यात राजवाडे शेवटचा श्वास घेताहेत. साठी ओलांडलेला माणूस. बायको तरुणपणीच गेली, पुन्हा लग्न केलं नाही, उभा जन्म कागदांमागे पायपीट केली. त्याच दिवशी आमच्या अमळनेरात, प्रताप हायस्कुलात एक शिक्षक आहे. आठवड्यापूर्वीच त्याला २७ वर्षं पुरी झालीत. मुलांच्या वसतिगृहात राहतो, त्यांचे कपडे धुतो, अंथरुणं घालतो, आणि रात्री जागून त्यांच्यासाठी हातानं लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढतो. आणि तिकडे जळगावात, चौधऱ्यांच्या वाड्यात, ४६ वर्षांची एक विधवा बाई पहाटे जात्यावर बसली असेल. तिच्या तोंडून काहीतरी निघत असेल. ते तेव्हा घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं.

मला ह्या चित्रानं झोप येत नाही, आप्पा. त्या तिघांना एकमेकांचा पत्ता असो नसो, काम तिघांचं एकमेकांत गुंतलेलं आहे. ते कसं, ते सांगतो.

राजवाड्यांनी काय केलं? 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' म्हणून २२ खंड काढले. पहिला १८९८ साली. त्यातला पानिपतच्या काळातला पत्रव्यवहार त्यांना वाईला मिळाला. हे कागद काही राजवाड्यात सोन्याच्या पेटीत नव्हते. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांच्या कोपऱ्यांत, वाळवी लागलेल्या दप्तरांत होते. कित्येक घरांतून ते रद्दीत गेले, बंबात गेले. हा माणूस गावोगाव पायी फिरला, स्वतः हातानं रांधून जेवला, लोकांच्या मिनतवाऱ्या केल्या आणि रुमालांमागून रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेली कागदांची गाठोडी, सोडवून मोडी वाचत बसला. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं ते १९१० साली. तिथे पटेना, तेव्हा धुळ्याला आला. स्वभाव कडक, कुणाशी फार जमलं नाही. पण इंग्रजी उत्तम येत असूनही आयुष्यभर मराठीतच लिहिलं. ज्याला वाचायचंय त्यानं मराठी शिकावं, हा बाणा.

धुळेकरांचं मला कौतुक वाटतं ते इथे. राजवाडे गेले, आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांचे कागद विखुरले नाहीत. त्यांचा धातुकोश त्यांच्यामागे ह्याच मंडळानं छापून काढला. माणूस गेल्यावर महिन्याभरात त्याचं काम हातात घेणं ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडे पुतळ्याच्या समितीलाच दहा वर्षं लागतात.

एकदा एक जुनं मोडी पत्र मला अगदी जवळून बघायला मिळालं होतं. कागद तपकिरी झालेला, घडीच्या रेषेवर फाटलेला. मी चष्मा काढून डोळे अगदी जवळ नेले, तर अक्षरांवर बारीक कण चमकत होते. शाई सुकावी म्हणून लिहिणाऱ्यानं भुरभुरलेली वाळू! दोनशे वर्षांपूर्वी कुणा कारकुनानं चिमटीनं टाकलेली, अजून तिथेच. त्या वाळूकडे बघताना मला पहिल्यांदा समजलं की राजवाडे वेड्यासारखे का फिरले. कागद राहिला म्हणजे तो हात राहिला.

पण मग कागदच नसेल तर? आपल्या मुलखातल्या किती घरांत दप्तर होतं? तुझ्या-माझ्या घरात तर पाटीसुद्धा आपल्या बापांच्या पिढीत आली. राजवाड्यांच्या कुठल्याही रुमालात आसोद्याच्या महाजनांची बहिणा सापडली नसती. १८८० च्या नागपंचमीचा जन्म, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावात, तिशीत वैधव्य, पदरात तीन लेकरं, आणि शेतीचं काम. अक्षरओळख नाही. तिचं दप्तर म्हणजे तिचं तोंड. पेरणी, मळणी, विहिरीवरची मोट, सुगरणीचा खोपा, माहेराची वाट, सगळं तिथे. आणि ते सगळं ३ डिसेंबर १९५१ ला तिच्याबरोबरच जळून जायचं होतं.

गेलं नाही, कारण घरात दोन ऐकणारे होते. तिचा मुलगा सोपानदेव, जो स्वतः कवी, आणि त्याचा मावसभाऊ पीतांबर चौधरी. आई कामात असताना म्हणायची, आणि हे जमेल तसं उतरवून घ्यायचे. ती गेल्यावर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी ते सोनं ओळखलं, आणि १९५२ साली प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. बाई स्वतः तेव्हा ह्या जगात नव्हती. आज तिच्या नावाचं विद्यापीठ आहे आपल्याकडे. पण त्या वहीवाल्या दोघांचं नाव कुठल्या चौकाला आहे का, सांग बरं. मला विचारशील तर ३ डिसेंबरला बहिणाबाईंच्या फोटोशेजारी एक कोरी वही आणि पेन्सिल ठेवायला हवी.

आता गुरुजींकडे ये. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेले हे सगळ्यांना माहीत असतं. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तेही. पण १९३२ ची धुळ्याच्या तुरुंगातली गोष्ट लोक विसरतात. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी, विनोबा कैद्यांपुढे गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसून गुरुजी लिहून घेत होते. विनोबांच्या हातात मजकूर तयार नव्हता, यंत्र कुठलं असणार, हा माणूस बोलण्याच्या वेगानं लिहीत राहिला. आज देशभरच्या भाषांतून 'गीता प्रवचने' वाचली जातात ती त्या लिहिण्यामुळे. स्वतः एवढा मोठा लेखक, पण दुसऱ्याचं बोलणं उतरवून घेताना स्वतःचा एक शब्द पुढे केला नाही. मी त्यांच्या सगळ्या पुस्तकांच्या वर हे काम ठेवतो. तू वाद घालशील, घाल.

राजवाड्यांनी लिहिलेलं वाचवलं, सोपानदेवांनी आईचं गाणं, गुरुजींनी विनोबांचं बोलणं. तिन्ही गोष्टी आपल्या ह्या खान्देशाशी जोडलेल्या, पन्नासेक वर्षांतल्या.

आणि फैजपूर? तिथेच माझं दुखणं आहे. १९३६ पर्यंत काँग्रेसची अधिवेशनं शहरांत भरायची. गांधीजींनी आग्रह धरला की खेड्यात भरवा, आणि यावल-सावद्याच्या मधलं आपलं फैजपूर निवडलं गेलं. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि कितीतरी कार्यकर्ते राबले. नंदलाल बोस शांतिनिकेतनाहून आले आणि बांबू, तट्टे, गवत असल्या गावच्या सामानातून अधिवेशनाचं टिळकनगर उभं केलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू बैलांच्या जोड्या जुंपलेल्या रथातून आले. झेंडा चढवताना दोरी मधेच अडकली, तेव्हा शिरपूरकडचा एक तरुण खांबावर सरसर चढला आणि त्यानं तो मोकळा केला. साने गुरुजी तिथे सफाईच्या पथकात होते. आणि नुसता देखावा नव्हता, ठराव शेतकऱ्याचे झाले. सारा कमी करा, कर्जातून सोडवा, वेठ बंद करा, शेतमजुराला पोटापुरती मजुरी द्या. आजही वाचले तर कालचे वाटतात.

पण हे जे मी लिहिलं ते मोठ्यांचं. ज्यांनी बांबू वाहिले, विहिरी उपसल्या, हजारो पाहुण्यांच्या भाकरी थापल्या, त्या बायामाणसांचं कुणी काय उतरवून घेतलं? माझे आजोबा पायी फैजपूरला गेले होते. रात्री नदीकाठी कुठे झोपले, नेहरू कसे दिसले, गर्दीत चप्पल कशी हरवली, ते ओट्यावर रंगवून सांगायचे. सगळ्या आळीनं ते ऐकलं आणि एकानंही लिहिलं नाही. आता ९० वर्षं झाली. त्या मंडपात दहा वर्षांचं असलेलं पोरगं आज शंभरीचं. सांगणारं कोण उरलंय?

म्हणून मूळ काम सांगतो. डिसेंबरात मायला घेऊन ये.

तिला कानबाई देवीची गाणी येतात, जात्यावरच्या ओव्या येतात, आमच्या आळीत लग्नात हळदीला तिच्याशिवाय पान हलायचं नाही. अहिराणीतलं ते सगळं तिच्याबरोबर पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर बसून आहे, आणि तिथे तिला गा म्हणणारं कोण? तू खुर्चीत बसवून, फोन समोर धरून विचारशील तर ती 'काय बी याद येत नाही रे भाऊ' म्हणेल. तसं विचारायचंच नाही. माझ्या आईच्या बाबतीत मी पाहिलंय. नुसतं विचारलं तर दोन ओळींवर अडायची. एकदा सून मूग भरडत होती, म्हणून आई जात्यापाशी टेकली, खुंट्याला हात घातला, आणि जातं फिरायला लागल्यावर ओवी आपोआप सुरू झाली. एक संपायच्या आत दुसरी. मधे भावाचं नाव, मधे पंढरीचा विठ्ठल, मधे सासूची कागाळी. हात थांबला की गाणंही थांबायचं. ते गाणं तिच्या डोक्यापेक्षा मनगटात जास्त होतं.

आमचं जातं अजून मागच्या पडवीत आहे. त्याच्या तळ्यांना छिन्नीनं टाकी लावून ठेवतो. माय बसेल, तिच्या जोडीला आमच्या आळीतल्या दोघी म्हाताऱ्या बसवू, एकीचं ऐकून दुसरीला आठवतं. फोनवर ध्वनिमुद्रण करू, पण तेवढ्यावर भागवायचं नाही. माझी पोरगी आणि तुझा पोरगा समोर बसून वहीत उतरवतील. शब्द अडला की तिथल्या तिथे विचारायचं. फोनमधलं फोन बिघडला की जातं, हे दोघांनाही सांगून ठेव. आणि अहिराणी शब्द 'सुधारून' लिहायचा नाही, जसा तोंडातून आला तसाच.

२३ ला संध्याकाळपर्यंत पोच. दत्तजयंतीही त्याच सुमारास आहे, तुझ्या पोराला सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे बघायचे असतील तर एक दिवस तिकडे काढू. २४ ला गुरुजींच्या जयंतीला सकाळी शाळेत जाऊन येऊ. २७ ला रविवार आहे, फैजपूरला जाऊ, आणि जाताना-येताना जळगावात चौधरीवाड्यात थांबू. बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू तिथे जपून ठेवल्यात, मायला त्या बघून काय काय आठवेल सांगता येत नाही, वही बरोबर असू दे. ३१ ला धुळे. मधले दिवस जात्याचे. एका संध्याकाळी शेतात पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या करू, त्याशिवाय तुला खान्देशात आल्यासारखं वाटायचं नाही.

महाराष्ट्र एक्सप्रेसचं जळगावपर्यंतचं तिकीट काढ, मायसाठी खालचा बर्थ बघ. नाताळच्या सुट्टीची गर्दी असते, उद्याच आरक्षण कर. मी जळगाव स्टेशनवर गाडी घेऊन येतो. वहिनींना रजा मिळत नसेल तर तुम्ही तिघं तरी या. आणि येताना पुण्यात रेघी फुलस्केप वह्या चांगल्या मिळतात त्या घेऊन ये, जाड पुठ्ठ्याच्या.

मायला माझा साष्टांग नमस्कार सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जिभाऊ