कौशिकाची गोष्टही मुलांना सांगा

महोदय,

मुलांना हरिश्चंद्राची गोष्ट सांगा, असा आग्रह धरणारे पत्र आपल्या दैनिकात वाचले. हल्लीच्या कथा-मालिकांतले नायक वेळ पाहून तत्त्वाला मुरड घालतात, प्रसंगी खोटे बोलतात आणि तरीही चांगले म्हणवून घेतात. त्याने मुले बिघडतात, असा पत्रलेखकांचा सूर आहे. त्यांची कळकळ मला पटते. पण असा नायक हल्लीचा आहे, हे मात्र पटत नाही. तो महाभारतात आहे, आणि तिथे त्याची बाजू खुद्द श्रीकृष्ण मांडतो.

कर्णपर्वातला प्रसंग आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला धर्मराज छावणीत परतलेला. अर्जुन विचारपूस करायला येतो. कर्ण अजून जिवंत आहे हे कळताच धर्मराजाचा तोल सुटतो आणि रागाच्या भरात तो म्हणतो, तुझे गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. असे जो म्हणेल त्याचा शिरच्छेद करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. तो खरोखरच तलवार उपसतो, थोरल्या भावावर! प्रतिज्ञा म्हणजे प्रतिज्ञा, हे त्याचे म्हणणे. तेव्हा कृष्ण त्याला कौशिकाची गोष्ट सांगतो. नद्यांच्या संगमापाशी राहणारा, कायम खरेच बोलायचे व्रत घेतलेला हा तपस्वी. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसे जवळच्या रानात लपली. मागून दरोडेखोर आले आणि त्यांनी विचारले. कौशिकाने खरे ते सांगितले. ती माणसे मारली गेली आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला.

मग कृष्ण तोड काढतो. थोरल्याला अरे-तुरे करणे म्हणजे त्याचा वधच, तेव्हा तू धर्मराजाला 'तू' म्हण, प्रतिज्ञा पुरी होईल. अर्जुन तसे करतो, नको नको ते बोलतो आणि लगेच पश्चात्तापाने स्वतःच्या जिवावर उठतो. त्यावरही कृष्णाकडे उपाय आहे: स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती कर, ती आत्महत्येसारखीच. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झालेल्या, जुनी हस्तलिखिते ताडून पाहून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही कौशिक आहे. कुणी मागाहून घुसडलेली ही सोय नव्हे.

हरिश्चंद्राबद्दल मला आदरच आहे. लहानपणी त्याचे नाटक पाहून गांधीजी भारावले होते. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढला तोही त्याच्यावरच. पण गोष्टीत बाजारात आधी कोण उभे राहते? तारामती आणि रोहिदास. वचन राजाचे, विकली जातात बायको आणि मूल. आजीच्या तोंडून ही कथा ऐकताना मी रोहिदासासाठी रडायचे, राजासाठी नाही. आज साठीतही कुठलाही नायक वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा तेच येते, की ह्याच्या तत्त्वाची किंमत मोजतो कोण?

व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ सालच्या 'ले मिझेराब्ल'मधली सिस्टर सिंप्लिस आठवा. जन्मात कधी खोटे न बोललेली ही जोगीण. तुरुंगातून पळालेला कथानायक ज्याँ व्हालज्याँ त्या खोलीत दाराआड लपला आहे, सिस्टर गुडघे टेकून प्रार्थना करते आहे. पोलीस अधिकारी जाव्हेर येतो. खोलीत तुम्ही एकट्याच आहात का? होय. त्याला पाहिलेत का? नाही. एकामागून एक दोन असत्ये, आढेवेढे न घेता. टेबलावर नुकतीच विझवलेली मेणबत्ती अजून धुमसते आहे, पण जाव्हेरला ती दिसत नाही. ही बाई खोटे बोलणार नाही, ह्या खात्रीने तो लवून नमस्कार करतो आणि निघून जातो. आयुष्यभर जपलेली पुंजी तिने एका माणसासाठी क्षणात खर्चून टाकली. उलट धर्मराजाने 'हत्ती मेला' हे शब्द पुटपुटून सत्य राखल्यासारखे केले आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली आला. आपल्या भाषेनेही त्याला सोडलेले नाही. अंग चोरणाऱ्याला आपण आजही 'नरो वा कुंजरो वा' म्हणतो.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दर रविवारी आम्ही मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. सिंप्लिसचा प्रसंग वाचला तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारले, "मॅडम, मग मीपण आईशी खोटं बोललं तर चालेल?" मी तिला उलट विचारले, तुझ्या खोटेपणाने वाचणार कोण? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मीच." तत्त्वाला मुरड घालणारा नायक दाखवला की मुले बिघडतात, ही भीती मला इथे खोटी वाटते. फरक त्यांना कळतो, आपण विचारायला हवे.

मोठ्यांनाच तो कळेनासा झाला आहे. वडिलांच्या निवृत्तिवेतनाची फाइल एका कार्यालयात सात महिने अडली होती. टेबलामागचा माणूस मला म्हणाला, "बाई, जरा व्यवहारी व्हा." 'व्यवहारी' ह्या चांगल्या शब्दाचा असा वापर ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पैसे त्याच्या खिशात जाणार, भुर्दंड म्हाताऱ्या माणसाला. कृष्णाचा किंवा सिंप्लिसचा व्यवहार ह्याच्या अगदी उलट दिशेने चालतो. म्हणूनच हे नायक मुलांपासून लपवू नयेत. ते त्यांच्यासमोर आलेच नाहीत, तर 'व्यवहार' म्हणजे फक्त त्या टेबलावरचा, असे त्यांना वाटेल.

पत्रलेखकांना माझी विनंती आहे, हरिश्चंद्र जरूर सांगा, पण रोहिदासाला गाळू नका, आणि त्याच बैठकीत कौशिकही सांगा. येत्या रविवारी आम्ही दोन्ही गोष्टी लागोपाठ वाचणार आहोत. दरोडेखोर कौशिकासमोर येऊन उभे राहिले की पुस्तक मिटायचे आणि पुढचे मुलांनी बोलायचे, असे ठरले आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा