नांग्या भरण्याआधी मर थांबवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

माझ्या केसरोपणाला गेल्या महिन्यात एक वर्ष पूर्ण झाले आणि आपण जुने-नवे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवलेत, तेव्हा बाहेर रुग्णांची रांग असल्यामुळे मला नीट आभारही मानता आले नाहीत. ते आता मानतो, आणि मुद्दाम उघड पत्रातून मानतो, कारण आमच्या यावल-रावेर भागातील अनेक तरुण आजही, रोपण केले की औषध लागत नाही, या माझ्याच जुन्या चुकीच्या समजुतीवर पैसे साठवत आहेत.

सव्विसाव्या वर्षी मी जळगावला आपल्या दवाखान्यात आलो, तेव्हा माझ्याजवळ एका मोठ्या शहरातील केंद्राने दिलेला कागद होता. साडेतीन हजार ग्राफ्ट, म्हणजे डोक्याच्या मागून मुळासकट काढून पुढे लावायचे केसांचे पुंजके, तेही एकाच दिवसात! औषधाचा त्यात उल्लेख नव्हता. उलट, रोपण झाले की गोळ्यांची कटकट कायमची मिटते, असे तेथील माणसाने सांगितले होते. लग्नाची बोलणी सुरू होती आणि मला घाई होती. आपण भिंगातून डोके तपासलेत आणि टक्कल पडलेल्या जागेमागचे केसही बारीक होत चालल्याचे मला पडद्यावर दाखवलेत. मग मी केळी लावतो हे कळल्यावर विचारलेत, "बागेत मर चालू असताना तुम्ही नुसत्या नांग्या भरत बसाल का?" मर म्हणजे रोगाने झाडे मरत जाणे आणि नांग्या भरणे म्हणजे त्या रिकाम्या जागी नवी रोपे लावणे.

त्या एका प्रश्नाने मला जे समजले, ते त्या केंद्रातील तासाभराच्या बोलण्यात समजले नव्हते. डोक्याच्या मागच्या भागातील केसांवर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे टक्कल पाडणाऱ्या पुरुषी संप्रेरकाचा, परिणाम फारसा होत नाही आणि पुढे लावल्यावरही ते आपला हा गुण सोडत नाहीत, म्हणून ते टिकतात. परंतु त्यांच्या आजूबाजूचे मूळचे केस पूर्वीसारखेच झिजत राहतात. औषध न घेता मी तेव्हाच रोपण केले असते, तर काही वर्षांत पुढे हिरवा बांध आणि मागे पडीक रान, अशी माझ्या डोक्याची अवस्था झाली असती. पुन्हा रोपण करायचे म्हटले तरी मागचा साठा मर्यादित असतो आणि तेथून काढलेले मूळ त्या जागी परत उगवत नाही.

आपण आधी वर्षभर औषध घ्यायला सांगितलेत, तेव्हा खरे सांगायचे तर मला राग आला होता. गोळ्या विकण्यासाठीच हे चालले आहे, असे मी घरी बोलूनही दाखवले. त्याबद्दल आज क्षमा मागतो.

केसगळती रोखणाऱ्या फिनास्टेराइडची 1 मिलिग्रॅमची गोळी लिहून देताना, काही थोड्या पुरुषांमध्ये कामेच्छा कमी होते किंवा मन उदास राहते, हे आपण मी न विचारताच सांगितलेत आणि तसे जाणवले तर लपवू नका, असे बजावलेत. वडिलांना प्रोस्टेटसाठी हेच औषध 5 मिलिग्रॅममध्ये चालू होते, म्हणून मी त्यांच्याच गोळीचे तुकडे करून घेण्याचा विचार बोलून दाखवला, त्यावर आपण चांगलेच रागावलात. गरोदर स्त्रीने या औषधाच्या तुटलेल्या गोळीला हातही लावू नये, पोटातील मुलग्याच्या वाढीला त्यामुळे धोका असतो, हे मला तेव्हा कळले. पुढे पत्नीला दिवस गेले, तेव्हा ही सूचना किती मोलाची होती ते उमगले. गणेशोत्सवातील रक्तदानही आपण थांबवायला लावलेत, कारण गोळी बंद केल्यानंतरही महिनाभर रक्त देता येत नाही. वडिलांच्या रक्ततपासणीत पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या तपासणीतला, आकडा या औषधामुळे निम्म्याच्या आसपास दिसू शकतो, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांना गोळीबद्दल सांगा, असेही आपण सुचवलेत, वास्तविक ते आपले रुग्ण नव्हते.

मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस अधिकच गळू लागले आणि मी बाटली फेकून देण्याच्या बेतात होतो. हे औषध मुळात रक्तदाबासाठी वापरात आले आणि केस वाढणे हा त्याचा लक्षात आलेला दुष्परिणाम होता, ही हकिगत आपण तेव्हा सांगितलीत. आमच्या घरी ती अजून हसत सांगितली जाते.

वर्षभरात गळती थांबली, भोवऱ्याजवळचे केस दाट झाले आणि रोपण फक्त पुढच्या भागापुरते, कागदावरच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी ग्राफ्टमध्ये झाले. तारीखही आपण डिसेंबरची धरलीत. मे महिन्यातील आमच्या उन्हात आणि घामात ताज्या जखमा सांभाळणे कठीण गेले असते. शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी मिनॉक्सिडिल थांबवणे आणि जखमा भरल्यावर आपल्या परवानगीने पुन्हा लावणे, गोळी मात्र न चुकता चालू ठेवणे, हे सारे आपण एका चिठ्ठीवर लिहून दिले होते. हेल्मेट घालता येत नसल्यामुळे मी ते दिवस एसटीने फिरलो.

तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस अंघोळीच्या पाण्याबरोबर जाऊ लागले. रात्री साडेदहाला मी आपल्याला फोन केला, तो खरे तर भांडण्यासाठीच. केस गेले तरी मूळ आत शाबूत आहे, तीन-चार महिन्यांनी फुटवा दिसेल, तोवर आरशासमोर कमी उभे राहा, असे आपण शांतपणे म्हणालात. चौथ्या महिन्यात बारीक लव दिसू लागली.

गोळी आजही चालू आहे, कारण ती सोडली तर मूळचे केस पुन्हा झिजू लागतील, हे मला ठाऊक आहे. पुढच्या तपासणीला माझ्या मावसभावाला सोबत आणत आहे. तो एकवीस वर्षांचा आहे, त्याच्याजवळही तसाच एक कागद आहे आणि माझे तो ऐकत नाही. त्यालाही केळीच्या बागेचा तोच प्रश्न विचारावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
यावल तालुक्यातील एक केळी उत्पादक