ते ड्रॉवरमधून काढ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवताना तुझाही आवाज चढला होता आणि माझाही. "बाबा, ते छतावरचं धुराच्या अलार्मचं यंत्र येता-जाता कोकलतं, म्हणून काढून ड्रॉवरमध्ये टाकलंय," असं तू म्हणालीस आणि त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही. म्हणून लिहायला बसलो. उपदेश करणार नाही. एवढंच सांगतो, ते ड्रॉवरमधून काढ.

घर सुरेख लावलंयस. स्वतःच्या हिमतीवर घेतलंस, कुणापुढे हात पसरला नाहीस, याचा मला किती अभिमान वाटतो ते तोंडावर सांगता येत नाही. आई येईल-जाईल त्याला फोटो दाखवते. मी मात्र प्रत्येक फोटोत छत शोधतो. हॉलमध्ये नुसती पांढरी गोल बैठक दिसते, वरचं यंत्र नाही. रात्री दिवे मालवून पडलो की नेमकी ती बैठकच डोळ्यांपुढे येते.

ते वाजतं यात तुझा दोष नाही. आधीच्या मालकाने ते स्वयंपाकघराच्या दाराला अगदी खेटून लावलंय. शेगडीपासून निदान 10 फूट लांब हवं. आणि एकदा ते उलटं करून बघ. मागे तीन पात्यांचं किरणोत्साराचं चिन्ह किंवा अमेरिशियम-241 असं काही छापलेलं असेल, तर ते आयोनायझेशन जातीचं. घाबरू नकोस, आत ते किरणोत्सारी द्रव्य अगदी कणभर असतं आणि त्याचे अल्फा किरण हवेत जेमतेम काही सेंटिमीटर जातात. फक्त ते फोडायचं नाही. त्या किरणांमुळे आतल्या दोन पट्ट्यांमधल्या हवेतून बारीकसा विद्युतप्रवाह वाहत राहतो. धूर शिरला की प्रवाह घटतो आणि भोंगा वाजतो. भडकलेल्या आगीचे अतिसूक्ष्म कण ते चटकन पकडतं. स्वयंपाकाच्या वाफा-धुरातले कणही तसेच बारीक, म्हणून तुझ्याकडे रोजचा गोंधळ.

तू फोटोइलेक्ट्रिक जातीचं घे. त्यात अंधाऱ्या कप्प्यात प्रकाशाचा झोत एका बाजूने जातो आणि सेन्सर दुसऱ्याच कोनात असतो, एरवी त्याच्यावर उजेड पडत नाही. धूर आत आला की प्रकाश विखुरतो, सेन्सरवर पडतो. आयुष्य मेंटेनन्समध्ये गेलं, असली यंत्रं कितीतरी उघडली. आतला कप्पा काळाकुट्ट, कडेला वळणावळणाच्या पाकळ्या. धुराने आत यावं पण बाहेरच्या उजेडाने येऊ नये म्हणून ती रचना. भोवती इतकी बारीक जाळी, तरी एखादं चिलट आत जाऊन बसतं आणि मग रात्री-अपरात्री उगाच बोंब होते. अशा वेळी लोक यंत्रालाच शिव्या घालतात आणि बॅटरी काढून ठेवतात.

फोटोइलेक्ट्रिकच का म्हणतोय, तर ते धुमसणारी आग लवकर ओळखतं. घरात रात्री लागते ती बहुधा तशीच. गादी, सोफा, तापलेली वायर. अण्णांच्या घरी त्या रात्री ज्वाळा कुणी पाहिलीच नाही. सोफ्याची एक बाजू तेवढी जळाली होती. सकाळी मी आत गेलो तेव्हा भिंतींवर माझ्या छातीच्या उंचीवर एक सरळ रेघ होती. रेघेच्या वर सगळं काजळीने काळं आणि खाली कॅलेंडरचा अर्धा भाग नव्यासारखा पांढरा. काकूचं तुला ठाऊकच आहे, ते पुन्हा नको. तेव्हापासून मला कळलंय की माणूस बहुतेक वेळा आगीने जात नाही, धुराने जातो.

"वास आला की जाग येईलच ना," असं तू म्हणालीस. नाही येत, मनू. झोपेत नाक भरवशाचं राहत नाही. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो, आणि तो माणसाला आणखी गाढ झोपवतो. (त्याचा अलार्म वेगळा मिळतो, किंवा दोन्ही एकात असलेलं यंत्रही येतं. गॅसवर चालणारं काही घरात असेल तर तोही हवा.) आताच्या फोमच्या गाद्या आणि प्लास्टिकच्या वस्तू इतक्या झपाट्याने पेटतात की भोंगा वाजल्यापासून बाहेर पडायला तीन मिनिटंसुद्धा मिळतील याची खात्री नाही.

बघ, उपदेश नाही म्हणालो आणि सुरू झालो. राग मानू नकोस. तू शहाणी आहेस, घर चालवतेस, ऑफिसात माणसं सांभाळतेस. पण मला चिमीची काळजी आहे. ती झोपेच्या बाबतीत थेट तुझ्यावर गेलीय. लहानपणी प्रवासातून परतलो की तुला खांद्यावरून आत आणायचो, आई बूट काढायची, कपडे बदलायची, आणि तू हूं की चूं करायची नाहीस. एकदा शेजारच्या लग्नात रात्रभर बँड वाजत होता, तू मांडवात खुर्चीवर आडवी. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं. आता चिमी तशीच झोपते म्हटलं की धस्स होतं. लहान मुलं भोंग्यानेही उठत नाहीत कित्येकदा. तिला आणायला तुम्हा दोघांपैकी कुणीतरी आधी उठायला हवं.

म्हणून एकट्या हॉलमधल्याने भागणार नाही. 3 मीटरवर 85 डेसिबलचा आवाज असला तरी तो बंद दाराआड येईपर्यंत निम्मा जीव गमावतो. आणि रात्री दार लोटूनच झोपा, कारण बंद दार धूर बराच वेळ थोपवतं. म्हणजे प्रत्येक झोपायच्या खोलीत एक, खोल्यांबाहेरच्या बोळात एक, आणि तुमच्या वरच्या मजल्यावर एक. एकमेकांना जोडलेली घे, एक वाजलं की सगळी वाजतात. छताच्या मधोमध लावा. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा साचून राहते, तिथे धूर उशिरा पोचतो. भिंतीपासून 10 सेंटिमीटर तरी सोडा. स्वयंपाकघरातच काही लावायचं असेल तर धुराचं नको, उष्णता ओळखणारं लाव.

जावईबापू मोबाइलवर संदेश देणाऱ्या यंत्राचं म्हणत होते. जरूर घ्या, तुम्ही बाहेर असताना उपयोगी. पण रात्री मोबाइल मुका करून ठेवलेला असतो, त्यामुळे खरा भरवसा भोंग्याचाच. खोक्यावर ईएन 14604 (युरोपचं) किंवा यूएल 217 (अमेरिकेचं) हे मानक आहे का ते बघा, नुसत्या रंगीत चित्रांवर जाऊ नका. यूएल 217 च्या आठव्या आवृत्तीप्रमाणे तपासलेल्या यंत्रांना स्वयंपाकाचा धूर ओळखून गप्प राहण्याचीही परीक्षा द्यावी लागते, तुला तेच सोयीचं. 10 वर्षं चालणारी बंद बॅटरी असेल तर ती काढून दुसऱ्या कशात घालायचा मोह होत नाही. महिन्यातून एकदा बटण दाबून बघायचं. आणि 10 वर्षांनी अख्खं यंत्रच बदलायचं, वाजत असलं तरी, कारण सेन्सर म्हातारा होतो. ड्रॉवरमधल्यावर मागे तयार केल्याची तारीख असेल. मला वाटतं ते केव्हाच संपलंय.

तरी नवीन येईपर्यंत तेच चढव, पण स्वयंपाकघरापासून लांब, तुमच्या खोल्यांच्या तोंडाशी. मागची तारीख मला आज कळव. स्टुलावर तू चढू नकोस, जावईबापूंना सांग.

आईचे आशीर्वाद. चिमीला गोड पापा.

तुझा,
बाबा

ता. क. लावून झाल्यावर चिमी झोपलेली असताना एकदा बटण दाबा, तिच्या खोलीचं दार लोटून. ती उठते की नाही ते मला सांग. नाही उठली तर तिला कुणी उचलायचं आणि कोणत्या दाराने बाहेर पडायचं, हे त्याच दिवशी दोघांनी बसून ठरवा.