वाकळ माळ्यावरून खाली काढ

कराड,
मृगाचा पहिला आठवडा

चि. माऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नोकरी, स्वयंपाक, बाळूची पहिली आणि सासूबाईंचे गुडघे, एवढ्या सगळ्यांत बाग आणि आजीच्या जुन्या साड्या शिवून करायची वाकळ बसवायची कुठं, असं तू विचारलंस. दोन्ही सोडून द्यावं असं वाटतंय, असंही म्हणालीस. फोनवर तुझ्या मागं कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, म्हणून तेव्हा फार बोलले नाही. आता सावकाश लिहिते.

सोडू नकोस. मात्र या दोन गोष्टी एकाच मापानं मोजू नकोस. तू दोन्हींना 'माझे छंद' म्हणून एका गाठोड्यात बांधलंस आणि दोन्हींसाठी सारखाच वेळ शोधत बसलीस. बाग घरच्या कामांत मिसळून जाते, तिला वेगळा वेळ फारसा लागत नाही. वाकळ मिसळत नाही. तिच्यासाठी वेळ मागून घ्यावा लागतो, आणि तो मागायला तू कचरतेस.

आधी बागेचं बघू. दहाव्या मजल्यावर, पश्चिमेकडं तोंड केलेल्या गॅलरीत 14 कुंड्या, त्याही गुलाबापासून स्ट्रॉबेरीपर्यंत, हा पसारा नोकरी करणाऱ्या बाईचा नव्हे. सहा ठेव. बाकीच्या सोसायटीत ज्यांना हव्यात त्यांना देऊन टाक. पश्चिमेच्या गॅलरीत ऊन दुपारी एकनंतर येतं आणि मावळेपर्यंत हलत नाही. हे ऊन मार्च ते मे कोवळ्या पाल्याला करपवतं, पण भेंडी, मिरची, गवार, जास्वंद यांना मानवतं. म्हणून कठड्याजवळ हीच झाडं लाव आणि त्यांच्या सावलीत, भिंतीकडं, मेथी-कोथिंबिरीचा एक पसरट ट्रे ठेव. पावसाळ्यात वारा त्याच बाजूनं येतो. मिरचीला आत्ताच काठी बांध, वाकल्यावर नको.

कुंड्यांत निव्वळ माती भरू नकोस. 12 इंची पिशवी मातीनं गच्च भरली की पाणी पिऊन 30 किलोच्या वर जाते. तेवढं वजन गॅलरीवर कशाला, आणि झाडायला सरकवणार कोण? तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळका पाला नाहीतर रसवंतीवाल्याकडचं वाळवलेलं चिपाड निम्म्यापर्यंत, वर माती आणि खत सारखं मिसळून. पाला कुजेल तसा थर खाली बसतो, मग वरून पुन्हा भर घालायची. तुझे बाबा श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवारातल्या लोकांकडून हे शिकले. कोल्हापूरचे दाभोलकर सांगायचे की झाडाचं पान म्हणजे ऊन पकडायचं साधन, त्यामुळं जागा किती आहे यापेक्षा पानांवर ऊन किती पडतं ते बघा. प्रत्येकानं आपल्या दारात करून बघायचं आणि आलेला अनुभव दुसऱ्याला कळवायचा, असा तो परिवार. गुंठ्यांवर शेती करणाऱ्यांना जे लागू पडलं ते तुझ्या सहा कुंड्यांनाही पडेल.

पाण्याचं तेवढं जप. तुझी गॅलरी वरून झाकलेली आहे, म्हणजे बाहेर धो धो कोसळत असला तरी आतल्या कुंडीला थेंब मिळत नाही. पाऊस आहे म्हणून पाणी घातलं नाहीस आणि रोपं वाळली, तू सांगितलंस त्यावरून मला तरी हेच दिसतंय. बोट दोन पेरं आत घालून बघायचं. ओल लागली तर राहू दे, कोरडं लागलं तर पाणी. सकाळी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी सिंकमध्ये न ओतता तांब्यात धर आणि त्या दिवशीच कुंडीला घाल. कुकर लावायला तू उभी राहतेसच, त्यातच पाणी घालून होतं. बागेला वेगळा वेळ लागत नाही म्हणते ते हे.

भाजीच्या देठांचं आणि सालींचं खत जावईबापूंकडं दे. मदत म्हणून नको, त्यांचं काम म्हणून दे. मदतीत सांगायचं, आठवण करायची आणि वर आभार मानायचे, हे सगळं तुझ्याच माथी येतं. स्वतःचं काम म्हटलं की माणूस आपली आठवण आपण ठेवतो. भोकं पाडलेल्या, झाकणाच्या दोन बादल्या. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच वाळका पाला, सुरुवातीला जुन्या खताची मूठभर विरजण म्हणून. शिजलेलं, तेलकट, खारट काही घालायचं नाही. वास यायला लागला तर ओल जास्त झाली असं समजायचं, पाला वाढवायचा आणि खालीवर करायचं. एक बादली भरली की बाजूला ठेवून दुसरी सुरू. दोन महिन्यांनी पहिलीत काळं, मातीचा वास येणारं खत तयार होतं. पहिल्यांदा थोडं चुकेल त्यांचं. मध्ये पडू नकोस, शिकतील.

सासूबाईंना बसून करता येतील अशी कामं आवडतील. मेथी निवडणं, बिया वाळवून पुड्या बांधणं, देवापुरती जास्वंद खुडणं. जास्वंदीवर पांढरे पिठ्या ढेकूण दिसले की त्याच तुला आधी सांगतील. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब, चांगलं हलवून संध्याकाळी फवारायचं, आठवड्यानं पुन्हा.

भाजीचा खर्च वाचेल ही आशा मात्र ठेवू नकोस. चार भेंडीच्या झाडांवर एका वेळी पाच माणसांची भाजी निघत नाही, एक-दीड मूठ निघते. ती साठवून दोन दिवसांनी कर किंवा आमटीत टाक. मेथी पेरल्यापासून 25 ते 30 दिवसांत हाताशी येते, भेंडी-गवारीला दीड महिना धर. बाळूनं मेथीचं बी पेरावं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवलेलं बघावं आणि महिन्यानं पानात वाढलेलं खावं, एवढ्यासाठी मला ती गॅलरी हवी आहे. शाळेच्या पुस्तकातलं बी आणि हातातलं बी यांत फरक पडतो, हे मी मुलांना शिकवलेल्या सगळ्या वर्षांत पाहत आले.

त्याच्यासाठी वर्षातली दोन कामं ठरवून टाक. नवरात्रात घट बसतात तेव्हा पत्रावळीवरची माती त्याला भरू दे, धान्य त्याला पेरू दे आणि नऊ दिवस पाणी त्यालाच शिंपडू दे. कोणतं धान्य जोमानं आलं, कोणतं मागं राहिलं, हे घटाजवळ बसून बघायची आपली जुनी रीत आहे. घरच्या बियाण्याची पारखच होते ती. दुसरं काम दिवाळीचा किल्ला. पावसाळी भेंडी-गवार तोवर संपलेली असते आणि कुंड्यांतली माती तशीही उपसून मोकळी करायची असते. त्याच मातीचा किल्ला कर. जुनं गोणपाट, दोन विटा, वर चिखल. उतारावर हळीव आणि मोहरी पेरली की चार-पाच दिवसांत हिरवं येतं, म्हणून वसुबारसेच्या तीन-चार दिवस आधी किल्ला उभा राहायला हवा. रंग द्यायचा तर गेरूचा. ऑइलपेंट लावलास तर ती माती पुन्हा कुंडीत घालता येणार नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला राहू दे, मग मोड, जावईबापूंचं खत मिसळ आणि हिवाळ्याची मेथी, पालक, टोमॅटो लाव. तुझं मातीचं काम, बाळूची सुट्टी आणि बापलेकाचा खेळ, सगळं एका आठवड्यात होतं. बुरूज वाकडा झाला तरी तू सरळ करायला जाऊ नकोस.

आता वाकळेकडं येते. तुझ्याशी खरं बोलायचंय ते याच्याबद्दल.

आजीच्या नऊवारी घेऊन गेलीस त्याला बरीच वर्षं झाली. गाठोडं माळ्यावर आहे. "सगळं आवरलं की रात्री बसेन" असं तू म्हणतेस. माऊ, घर आवरून होत नसतं. भांडी घासून होतात तोवर डबे समोर येतात, कपडे वाळतात तोवर दुसरे भिजतात. आवरून झाल्यावर उरेल त्या वेळात करायचं म्हणून तू जे बाजूला ठेवशील, ते बाजूलाच राहील.

आपल्याकडच्या बायकांनी जात्यावर ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव हिंडून, माणसं लावून त्या जमवल्या, तर संख्या एक लाखाच्या वर गेली. केवढं भांडार! पण या बायका दळता दळता रचत होत्या, कारण पहाटेच्या त्या वेळेशिवाय त्यांच्यापाशी दुसरा वेळच नव्हता. हात जात्याला बांधलेले, तोंड आणि मन मोकळं. त्यांचं कौतुक करताना माझा ऊर भरून येतो, तरी तुझी निर्मिती अशीच कामाच्या फटीत व्हावी असं मला वाटत नाही. त्यांना मागायला जागा नव्हती. तुला आहे. तू कमावतेस, तुझ्या घरात शहाणी माणसं आहेत. त्यांना स्पष्ट सांग की रविवारी सकाळी 7 ते 9 मी वाकळेवर असते. नाष्टा दुसरं कुणीतरी करेल, पोह्यात मीठ कमीजास्त होईल, होऊ दे. खरकटी भांडी दोन तास तशीच राहिली म्हणून घराला काही होत नाही. तू उठून ती घासायला गेलीस, की त्या वेळेला कुणी तुझी वेळ म्हणणार नाही.

आणि मोठी वाकळ धरू नकोस. तुझ्या फ्लॅटमध्ये सहा फुटी वाकळ पसरली तर जेवायला बसायचं कुठं? पूर्वी वाकळा उन्हाळ्यात शिवायच्या, शेताची कामं उरकलेली असायची, अंगणात नाहीतर सोप्यात अंथरून चार जणी चार कडांना बसायच्या. ते तुझ्याकडं नाही. तू तीन बाय चार फुटांची कर, बाळूला मांडीवर घ्यायला पुरेल एवढी. साड्या आधी गरम पाण्यात धुवून खळ काढून टाक. फक्त सुती कापड घे. पॉलिस्टर मिसळलेलं एक जरी आत गेलं तरी ते सरकतं, सुई अडकते आणि अंगावर घाम येतो. विरलेला भाग आतल्या थरात, धड राहिलेला वर, काठ कडेला. तीन-चार थर पुरेत. जमिनीवर ताणून अंथर, कडा चिमटून मोठे कच्चे टाके घाल, मग कडेपासून सुरुवात करून फेऱ्याफेऱ्यानं आत ये. साधा धावदोरा. टाका गव्हाच्या दाण्याएवढा पडला तर उत्तम, तांदळाएवढा पडावा म्हणून जीव काढू नकोस. कच्चे टाके पडले की ही वाकळ मांडीवर घेऊन शिवता येते, घडी घालून कपाटात ठेवता येते आणि कुठंही थांबता येतं. दोरा तसाच लोंबता ठेव, सुई मात्र काढून डब्यात टाक, घरात लहान मूल आहे.

तुझ्या सासूबाई सोलापूरकडच्या. त्यांची एखादी जुनी सुती इरकल मागून घे आणि आजीच्या नऊवारीशेजारी लाव. पदर रेशमी असेल तर तेवढा कापून ठेव, तो सुती कापडाबरोबर नीट शिवला जात नाही. साडी मागितलीस की त्या वाकळेत त्यांचाही जीव गुंतेल, आणि रविवारचे दोन तास राखायला तुला घरात एक माणूस मिळेल. हा माझा हिशेब आहे, पण त्यात खोट नाही. त्यांना खरंच आवडेल.

ऑफिसात काम वाढलं, बाळू आजारी पडला, तर महिनाभर सुई हातात धरू नकोस. मे महिन्यात जास्वंद-मिरची सोडून बाकीच्या कुंड्या रिकाम्या ठेवल्यास तरी चालेल. शेतसुद्धा तेव्हा तापत पडलेलं असतं. तुम्ही इकडं याल तेव्हा जास्वंदीची आणि मिरचीची कुंडी सावलीत ओढ, शेजारी उंचावर पाण्यानं भरलेली बादली ठेव आणि सुती चिंधीची जाड वात एका टोकानं बादलीत, दुसऱ्या टोकानं मातीत खुपस. वातीतून पाणी झिरपत राहतं, सात-आठ दिवस निभतात. जाण्याआधी घरी दोन दिवस करून बघ, वात किती पाणी ओढते त्याचा अंदाज येतो.

दादा गुरुवारी पुण्याला येतोय, त्याच्याकडं पिशवी देते. त्यात परड्यातल्या भेंडीचं आणि गवारीचं बी आहे, पुड्यांवर नावं घातली आहेत. भेंडीचं बी पेरण्याआधी रात्रभर भिजत घाल, प्रत्येक कुंडीत तीन दाणे टाक आणि उगवल्यावर जोमदार एक ठेवून बाकीची उपटून टाक. धणे वेगळ्या पुडीत आहेत, ते लाटण्यानं हलके रगडून दोन फाकी करून पेर, अख्खे पेरू नकोस. मोठ्या डोळ्याच्या सुया आणि जाड सुती दोऱ्याची दोन रिळं खाली, वर्तमानपत्रात गुंडाळली आहेत. लाडू बाळूचे आहेत, त्याला तसं सांग. सासूबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आई