जुन्या चेन सॉचे सुटे भाग नागपुरात मिळायला हवेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याआधीच्या वादळांत सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, सेमिनरी हिल्स या भागांतली जुनी झाडे कोसळतात किंवा काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या संत्राबागांत वठलेली झाडे काढण्याची वेळ येते, तेव्हा पेट्रोलवर चालणाऱ्या चेन सॉची, म्हणजे साखळीच्या करवतीची, शोधाशोध सुरू होते. बागायतदार, लाकूड कापणारे कारागीर आणि छाटणीची कामे घेणारे छोटे कंत्राटदार यांच्याकडे ही यंत्रे वर्षानुवर्षे आहेत. त्यांतली पुष्कळशी आज गोठ्यात नाहीतर माळ्यावर बंद पडून आहेत आणि काही तर किलोच्या भावाने भंगारात गेली आहेत. शेतीच्या लहान इंजिनांची दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्यामुळे मी खात्रीने सांगू शकतो की माझ्यापुढे येणाऱ्या बहुतेक बंद यंत्रांचे इंजिन शाबूत असते. खराब झालेला असतो तो कार्बोरेटरमधला रबरी पडदा, तडकलेली पेट्रोलची नळी किंवा कडक झालेले ऑइल सील (शाफ्टभोवतीची गळती रोखणारी रबरी कडी). एवढा लहान भाग मिळत नाही म्हणून आख्खे यंत्र टाकून द्यावे लागते, हे थांबावे यासाठी हा पत्रप्रपंच.

चेन सॉचा कार्बोरेटर स्कूटरच्या कार्बोरेटरसारखा नसतो, हे आधी लक्षात घ्यावे लागते. स्कूटरमध्ये फ्लोट असतो आणि तो सरळ उभ्या स्थितीतच नीट काम करतो. चेन सॉ मात्र आडवी, तिरपी, कधी उलटीही धरावी लागते, म्हणून तिच्यात फ्लोटऐवजी डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदे असतात. पिस्टन वरखाली होताना क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद कप्प्यात) दाब कमीजास्त होतो, त्या दाबावर एक पडदा टाकीतले पेट्रोल ओढून घेतो आणि दुसरा पडदा सुईच्या साहाय्याने ते मोजून आत सोडतो. हे पडदे काही वर्षांनी कडक होतात. मग यंत्र चोक ओढल्यावर सुरू होते आणि चोक सोडताच बंद पडते, किंवा रेस दिली की गुदमरते. अशा वेळी प्लग बदलून, दोरी ओढून ओढून माणूस थकतो आणि शेवटी इंजिनच संपले असे ठरवून मोकळा होतो. लूना आणि राजदूतच्या काळापासून टू-स्ट्रोक इंजिन तोंडपाठ असलेले उत्तम मिस्त्री आपल्या शहरात अजून आहेत, परंतु हा कार्बोरेटर त्यांच्याही हाताखालून फारसा गेलेला नसतो.

पेट्रोलमधल्या बदलाने या अडचणीत भर घातली आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळते. अनेक जुन्या यंत्रांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते आणि त्याहून जुन्या यंत्रांच्या रबराची निवड करताना तर इथेनॉलचा विचारच झालेला नव्हता. इथेनॉलमुळे असे रबर फुगते, मऊ पडते किंवा तडकते. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते. नागपूरच्या पावसाळ्यात अर्धवट भरलेली टाकी दोनतीन महिने तशीच राहिली तर पाणी आणि इथेनॉल तळाशी बसण्याची शक्यता असते, आणि टाकीतला फिल्टर नेमका तळातूनच इंधन उचलतो. त्या थरात टूटी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल, जवळजवळ नसते, त्यामुळे अशा इंधनावर इंजिन चालले तर पिस्टन खरचटतो. म्हणून काम संपल्यावर टाकी रिकामी करावी, यंत्र पुन्हा सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे आणि पुढच्या हंगामाला ताजे मिश्रण करावे. मिश्रणाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच असावे: ५०:१ असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर आणि २५:१ असेल तर ४० मिलिलिटर ऑइल. जुन्या २५:१ च्या यंत्रात अंदाजाने कमी ऑइल टाकून पैसे वाचवण्याचा मोह मी अनेकांमध्ये पाहतो, आणि त्यात इंजिनच हातचे जाते.

आता भाग शोधण्याविषयी. दुकानात जाऊन ‘चेन सॉचा कार्बोरेटर किट द्या’ असे म्हटले तर दुकानदार सध्या खपणाऱ्या ५२ किंवा ५८ सीसीच्या चिनी यंत्राचा किट हातात ठेवतो, कारण त्याच्याकडे तोच असतो. त्याऐवजी कार्बोरेटर उघडून त्याच्या अंगावर कोरलेले नाव आणि क्रमांक टिपून न्यावा. वालब्रो, झामा आणि टिलॉटसन या कंपन्यांचे कार्बोरेटर अनेक वेगवेगळ्या ब्रँडच्या यंत्रांना बसवलेले असतात. यंत्राचे मॉडेल बंद झाले तरी त्या कार्बोरेटरचा दुरुस्ती किट पुष्कळदा स्वतंत्रपणे मिळतो आणि त्यावर किटचा वेगळा क्रमांक असतो. क्रँकशाफ्टचे बेअरिंग तर बऱ्याच यंत्रांत प्रमाणित मापाचेच असते, त्याच्या कडेवरचा क्रमांक वाचून ते कोणत्याही चांगल्या बेअरिंगच्या दुकानातून आणता येते. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते, तेवढे माप पुरेसे ठरते, मात्र सील पेट्रोल आणि उष्णता सोसणाऱ्या रबराचे हवे. साखळीसाठी पिच (कड्यांमधले अंतर), गेज (पानाच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची (खाचेत बसणाऱ्या कड्यांची) संख्या या तीन गोष्टी लागतात. ‘अठरा इंची पान’ (पान म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी) एवढे सांगून योग्य साखळी मिळत नाही.

सिलिंडरविषयी विशेष सावध करावेसे वाटते. जुन्या स्कूटरचे बिडाचे सिलिंडर बोअर करून (आतून कातून मोठे करून) ओव्हरसाइज पिस्टन टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. चेन सॉचे सिलिंडर बहुधा ॲल्युमिनियमचे असते आणि त्याला आतून क्रोम किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण, पातळ मुलामा असतो. बोअर केले की तो मुलामा निघून जातो आणि नवा पिस्टन थोड्याच वेळात आत अडकून बसतो. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी सायलेन्सर काढून त्या छिद्रातून पिस्टन पाहावा. पिस्टनवर उभे खोल ओरखडे असतील तर मुलाम्याचीही शंका घ्यावी आणि पिस्टन गुळगुळीत असेल तर निर्धास्तपणे पडदे, नळी आणि सील बदलावेत. ज्या फार जुन्या यंत्रांना चेन ब्रेकच (यंत्र उसळताच साखळी थांबवणारी सोयच) नाही, ती मात्र कितीही दणकट असली तरी पुन्हा कामाला लावू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. पानाचे टोक अडकून यंत्र उसळले तर माणसाच्या चेहऱ्याकडे येते.

रोजच्या देखभालीत जळके ऑइल साखळीला घालण्याची सवय सोडायला हवी, कारण त्यातल्या धातूच्या कणांनी ऑइल पंप आणि पान दोन्ही झिजतात. बाभूळ आणि चिंचेच्या वाळलेल्या लाकडावर धार लवकर जाते. भुश्शाऐवजी पीठ पडू लागले की योग्य मापाची गोल कानस हातात घ्यावी. ०.३२५ इंच पिचच्या साखळीला ४.८ मिलिमीटरची कानस चालते. बोथट साखळी जोर लावून चालवली तर इंजिन, क्लच आणि पान यांना एकाच वेळी त्रास होतो.

हे सर्व करायला तयार असलेला माणूसही शेवटी अडतो तो भागांपाशी. इतवारी आणि गांधीबागेतल्या दुकानांतून हिंडल्यावर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते की ते मॉडेल बंद झाले, नवीन घ्या. सुट्या भागांची आकृती आणि क्रमांकांची यादी मागितली तर ती फक्त कंपनीच्या सेवा केंद्रासाठी असते, असेही मला एका विक्रेत्याने ऐकवले आहे. ज्याने यंत्र पूर्ण किंमत मोजून विकत घेतले, त्याला त्यातल्या स्क्रूचा क्रमांक कळू नये हे मला पटत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा प्राधान्याच्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय ग्राहक दिनी त्याचे पोर्टलही सुरू झाले. त्या पोर्टलवर चेन सॉ, फवारणी पंप, ब्रश कटर अशा लहान इंजिनांच्या अवजारांचा, बंद झालेल्या मॉडेलसह, स्पष्ट समावेश व्हावा आणि आकृत्या व भागांचे क्रमांक कोणालाही पाहता यावेत.

शहरातल्या विक्रेत्यांनीही मे महिन्यापूर्वी कार्बोरेटर किट, इथेनॉल सोसणाऱ्या इंधन नळ्या आणि ऑइल सील यांचा थोडा साठा ठेवावा. या वस्तूंना जागा फार लागत नाही. शासकीय आयटीआयने अनुभवी मिस्त्रींना सोबत घेऊन डायफ्राम कार्बोरेटरचा अल्पमुदतीचा वर्ग सुरू केल्यास शिकवायला मी स्वतः विनामूल्य येईन, आणि प्रात्यक्षिकासाठी बंद पडलेली यंत्रेही माझ्याकडून देईन.

आपला,
लहान इंजिनांची दुरुस्ती करणारा एक वाचक,
लकडगंज, नागपूर